तिसऱ्या झोनची जबानी

घरात कोणीही शिरलेले नसताना रात्री दोन-अडीचच्या सुमारास घरफोडीचा अलार्म एकाएकी वाजू लागला, म्हणजे झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला सुचणारी पहिली गोष्ट एकच असते, ती म्हणजे तो आवाज कसेही करून बंद पाडणे. आणि ही घाई कितीही स्वाभाविक असली तरी, अलार्म का वाजला याचा जो तारीखवार दाखला यंत्राच्या दप्तरी नुकताच रुजू झालेला असतो, तो या घाईत वाचला जात नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, तोही तो दाखला उघडून पाहत नाही, तो अंदाजाने एखादा सेन्सर बदलतो आणि जातो; पंधरा दिवसांनी पुन्हा तोच आवाज होतो, आणि अखेरीस घरमालक कंटाळून सगळी यंत्रणाच बंद करून टाकतो. हजारो रुपये खर्चून बसवलेले आणि मग असे मुके करून ठेवलेले सायरन मी अनेक घरांच्या दर्शनी भिंतींवर पाहिले आहेत. माझे म्हणणे असे आहे की, अकारण वाजणारा अलार्म म्हणून काही नसतेच. कारण प्रत्येक वेळी असते, ते चोर नसते इतकेच, आणि ते शोधून काढण्याची एक रीत आहे, जी कोणाही सुबुद्ध गृहस्थाला, हातात पकड न घेता, निम्म्याहून अधिक अंमलात आणता येते.

ही रीत समजण्यासाठी या यंत्राच्या जन्मापाशी क्षणभर जावे लागेल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील सॉमरव्हिल येथे राहणाऱ्या ऑगस्टस पोप या गृहस्थाने 1853 मध्ये विद्युच्चुंबकाने चालणाऱ्या घरफोडीच्या घंटेचे पेटंट घेतले. पुढे एडविन होम्स या व्यापाऱ्याने ते हक्क विकत घेतले आणि 1859 मध्ये बॉस्टन सोडून न्यूयॉर्कला जाऊन त्याने तो धंदा नावारूपाला आणला. (याच होम्सच्या मुलाने 1877 मध्ये बॉस्टनमधील घंटांच्या तारांवर दूरध्वनी जोडून पाहिले, ही त्या तारांची आणखी एक कर्तबगारी.) पोपच्या योजनेत दार किंवा खिडकी उघडली की विद्युन्मंडल पूर्ण होई आणि घंटेवर टोला पडे. योजना सुंदर होती, परंतु तिच्यात एक उणीव होती: चोराने आधी तारच तोडली तर मंडल कधीच पूर्ण होणार नाही आणि घंटा निमूट राहील. म्हणून पुढे ही व्यवस्था उलटी करण्यात आली. आजच्या तारांच्या अलार्ममध्ये एक क्षीण प्रवाह अहोरात्र वाहत असतो, आणि दार उघडल्यामुळे, तार तुटल्यामुळे किंवा सांधा सुटल्यामुळे तो खंडित झाला की पॅनेल, म्हणजे यंत्रणेची मुख्य पेटी, त्याला उपद्रव समजते. तारेच्या शेवटच्या टोकाला एक ठरावीक रोध बसवलेला असतो, ज्यामुळे तार तोडणे आणि तारेची दोन टोके मध्येच जोडून देणे हे दोन्ही प्रकार यंत्राच्या ध्यानात येतात. ज्या गुणामुळे हे यंत्र चोराला फसवता येत नाही, त्याच गुणामुळे ते प्रत्येक सैल स्क्रूपायी, गंजलेल्या सांध्यापायी आणि उंदराने कुरतडलेल्या तारेपायीही ओरडते. म्हणजे ज्याला आपण खोटा अलार्म म्हणतो, तो यंत्राच्या प्रामाणिकपणातूनच निघालेला असतो, आणि म्हणून त्याचे म्हणणे ऐकून घेणे अगत्याचे ठरते.

पुण्यात सहकारनगराच्या बाजूला एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या बंगल्यात गेल्या वर्षी जे घडले, ते मी इथे जरा विस्ताराने सांगणार आहे. कारण या विषयातील बहुतेक चुका आणि बहुतेक शहाणपण त्या एका घरात एकत्र पाहायला मिळाले. घरात नवरा-बायको दोघेच, मुलगा परदेशी. त्याच्याच आग्रहावरून अलार्म बसवलेला. पुढच्या आणि मागच्या दाराला चुंबकी संपर्क, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा सेन्सर, जिन्याखाली पॅनेल, बाहेर सायरन, असा सर्वसाधारण सरंजाम. पहिली काही वर्षे काहीही तक्रार नव्हती. आश्विनात, परतीच्या पावसाच्या एका रात्री, वारा सुटला, वीज गेली आणि अलार्म वाजला. दोघांनीही तर्क केला तो कोणीही केला असता: वीज गेली, म्हणून वाजला, अर्थात बॅटरीचा दोष. बोलावलेल्या मेकॅनिकने बॅटरी बदलली. पुढच्या वादळी रात्री पुन्हा वीज गेली आणि पुन्हा अलार्म वाजला. आता संशय दिवाणखान्यातील सेन्सरवर गेला, कारण त्याच्यामागे पालीने ठाण मांडलेले आढळले. पाल हुसकली, सेन्सर पुसला. तिसऱ्या वेळी वाजला तेव्हा मात्र एक नवी गोष्ट घडली, आणि ती यंत्रासंबंधी नव्हती. पहिल्या रात्री समोरच्या दोन्ही घरांतले दिवे लागले होते, शेजारचे एक गृहस्थ काठी घेऊन फाटकापर्यंत आले होते; या वेळी एकही खिडकी उघडली नाही. घरातल्या काकू मला म्हणाल्या, "आता खरोखरीच कोणी आलं तरी आपल्यासाठी कोणी उठायचं नाही." त्यांना बॅटरीची चिंता नव्हती, त्यांना चिंता होती ती या गोष्टीची, आणि ती सर्वस्वी योग्य होती.

यानंतर जो तंत्रज्ञ आला, तो वयाने पन्नाशीचा, टेलिफोनच्या तारांवर उमेदवारी केलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. घरात शिरल्यावर त्याने कुठल्याही सेन्सरला हात लावला नाही. "सर, आधी पॅनेल काय म्हणतंय ते वाचू, मग बघू काय उघडायचं ते," असे म्हणून तो जिन्याखाली बसला आणि कळफलकावरून त्याने मागील घटनांची नोंदवही उघडली. ही नोंदवही बहुतेक आधुनिक पॅनेलांत असते. कोणता झोन, म्हणजे घराचा स्वतंत्र नजर ठेवलेला कोणता भाग, केव्हा उघडला, वीज केव्हा गेली, केव्हा आली, कोणाच्या संकेतांकाने यंत्रणा बंद केली, हे सारे मिनिटवार तिच्यात लिहिलेले असते, आणि घराघरांतून ती वर्षानुवर्षे कोणी उघडूनही पाहत नाही. त्याने वहीवर दोन ओळी उतरून घेतल्या: 2 वाजून 34 मिनिटे, झोन 3 उघडला, 2 वाजून 41 मिनिटे, वीजपुरवठा खंडित. आधीच्या दोन्ही वादळी रात्रींचा क्रमही तसाच निघाला. झोन आधी, वीज नंतर.

या दोन ओळींत सगळा निकाल होता. अलार्म वीज जाण्यापूर्वी वाजत होता. तेव्हा वीज जाणे हे त्याचे कारण असूच शकत नव्हते. तथापि तो तंत्रज्ञ एवढ्यावर थांबला नाही, आणि इथेच मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. काही पॅनेलांत वीज गेल्याची नोंद मुद्दाम काही मिनिटांच्या विलंबाने करण्याची सोय असते, की क्षणिक खंडांनी वही भरून जाऊ नये; या पॅनेलात तसे असेल तर क्रम उलटाही ठरू शकतो. म्हणून त्याने घराचा मेन स्विच पाडायला लावला आणि घड्याळ पाहत उभा राहिला. नोंद त्याच मिनिटाला झाली. मग तो उठला आणि म्हणाला, "मागचं दार दाखवा."

झोन 3 म्हणजे मागचे दार. चुंबकी संपर्काची रचना अगदी साधी असते: चौकटीवर एका लहानशा डबीत काचेची बारीक नळी, तिच्यात लोहमिश्रधातूच्या दोन पातळ पात्या, आणि दाराच्या फळीवर त्यांच्यासमोर एक चुंबक. दार लागलेले असते तोवर चुंबकाच्या ओढीने पात्या एकमेकींना चिकटून राहतात आणि प्रवाह वाहतो; दार उघडून चुंबक दूर गेला की त्या सुटतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एल्वूड याने 1930 नंतरच्या दशकात ही काचेची नळी सिद्ध केली, आणि तिच्यात झिजण्यासारखे जवळजवळ काहीच नसल्यामुळे ती आजही तशीच वापरात आहे. नळी सहसा बिघडत नाही. बिघडते ते अंतर. साध्या संपर्काला साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचे अंतर चालते, त्यापलीकडे चुंबकाची सत्ता पोचत नाही. त्या घराचे दार जुन्या लाकडाचे होते. श्रावणात ते फुगून चौकटीत अडकू लागले म्हणून सुतार बोलावून कडेला रंधा मारून घेतला होता. पाऊस सरला, ऑक्टोबरची कोरडी उष्णता आली, लाकूड आक्रसले, आणि रंध्याने केलेल्या फटीत ऋतूने केलेल्या फटीची भर पडली. शिवाय कडी ज्या भोकात बसते ते भोकही झिजून सैल झाले होते. तंत्रज्ञाने पॅनेलावर दार उघडल्याची टिकटिक वाजेल अशी तजवीज केली, सरांना दाराबाहेर उभे केले आणि बंद दार तळहाताने आत ढकलायला सांगितले. कडी लागलेली असतानाही दार बोटभर आत सरले, आणि जिन्याखाली पॅनेल बोलले. वादळाच्या झोताने नेमके तेच होत होते. वारा दार ढकलत होता आणि त्याच वादळाने काही मिनिटांनी तिकडे रोहित्रावर वीज जात होती. दोन्ही एकाच कारणाची कार्ये असताना आपण सर्वांनी त्यांपैकी एकाला दुसऱ्याचे कारण मानले होते. या प्रकारचा तर्कदोष न्यायशास्त्राच्या ग्रंथांतून विद्यार्थ्यांना शिकवला जातो. घरच्या व्यवहारात तो ओळखणे किती अवघड असते ते मला त्या दाराशी कळले. सुताराने चौकटीला पट्टी मारली, कडीचे घर नवे बसवले, चुंबकाखाली पातळ पाचर सरकवून तो पुढे आणला, आणि प्रकरण मिटले. अलार्मच्या यंत्रात एकही भाग बदलावा लागला नाही.

प्रत्येक घरी उत्तर दारातच सापडेल असे नव्हे. सर्वांत अधिक बदनाम झालेला भाग म्हणजे हालचाल टिपणारा अवरक्त सेन्सर, आणि त्याचे अंतरंग समजून घेतले तर त्याच्यावरील निम्मे आरोप गळून पडतात. तो काहीही सोडत नाही. तो केवळ घेतो. मनुष्यदेहातून जी उष्णता सतत बाहेर पडते, तिची तरंगलांबी मुख्यतः 9 ते 10 मायक्रोमीटरच्या आसपास असते. सेन्सरच्या दर्शनी भागी असलेले दुधी प्लास्टिकचे खाचाखाचांचे भिंग ती गोळा करून आतील स्फटिकावर टाकते. (हे भिंग फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात दीपगृहांसाठी योजलेल्या भिंगाचेच वंशज होय.) स्फटिकाचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात, खोली सावकाश तापली तर दोन्ही भाग सारखेच तापून एकमेकांचा परिणाम रद्द करतात, परंतु उष्ण वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की आधी एक भाग चाळवतो, मग दुसरा, आणि ही जी लाट उमटते तिलाच हालचाल समजले जाते. म्हणजे सेन्सरला माणूस ओळखू येत नाही. त्याला सरकणारी ऊब ओळखू येते. वातानुकूलन यंत्राच्या झोतात हलणारा पडदा, भिंगावरच चालणारा किडा, मांजराची उडी, आणि दिवाळीत तर विशेषेकरून, आत बल्ब लावून तापलेला, वाऱ्यावर डोलणारा आणि हौसेने दिवाणखान्याच्या मधोमध टांगलेला आकाशकंदील, यांपैकी प्रत्येकाकडे सरकणारी ऊब आहे. ज्या भोकातून तार सेन्सरमध्ये आणलेली असते ते बुजवलेले नसेल तर नळीवाटे येणारी गार हवा थेट स्फटिकाच्या पाठीवर लागते, आणि त्याच भोकातून मुंग्याही आत जाऊन बिऱ्हाड करतात. एवढ्याशा लांबीच्या लगद्याने बरे होणारे हे दुखणे कित्येक घरी सेन्सर बदलून बदलून जोपासलेले आढळते.

वेळेचे निरीक्षण या कामी फार मोलाचे आहे. दिवसा, घर बंद असताना, अलार्म रोज जवळजवळ ठरलेल्या घटकेला वाजत असेल आणि ती घटका आठवड्याआठवड्याने थोडी पुढेमागे सरकत असेल, तर अपराधी ऊन आहे असे खुशाल समजावे. सूर्याची तिरीप अमक्या वेळी अमक्या फरशीवर पडते आणि ढग आला-गेला की ती लुकलुकते. मोटारपंप किंवा फ्रिज चालू होण्याच्या वेळेशी मेळ बसत असेल तर तारा विजेच्या तारांना खेटून नेल्या आहेत काय ते पाहावे. पावसाळ्यातच त्रास होत असेल तर सांधे पाहावेत. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने तांब्याच्या तारेवर हिरवट पुटे चढतात, आणि गणपतीला उघडून पुन्हा कुलूपबंद केलेल्या घरात ही झीज पाहायला कोणी नसते. विदर्भात याच्या अगदी उलट धोका असतो, आणि त्याचा उच्चार क्वचित होतो: मे महिन्यात पारा 45 अंशांकडे झुकतो तेव्हा भिंतींची उष्णता आणि देहाची उष्णता यांत फरक फारसा उरत नाही, सेन्सरला माणूस वेगळा दिसेनासा होतो, आणि अलार्म अवेळी वाजण्याऐवजी वेळेवर न वाजण्याचे भय उत्पन्न होते.

बॅटरीसंबंधी थोडक्यात सांगतो. पॅनेलातील नेहमीची बॅटरी 12 व्होल्टची, बहुधा 7 अँपिअर-तासांची, बंदिस्त शिसे-आम्लाची असते; तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षे, आणि माळ्यावर पत्र्याखाली उन्हात ठेवल्यास त्याहूनही कमी. बसवल्याची तारीख तिच्यावर शाईने लिहून ठेवावी. मात्र एक सावधगिरी प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे: अलार्म थांबेना म्हणून मेन स्विच पाडणे किंवा तारा उपटणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण बाहेरच्या पुष्कळ सायरनांत त्यांची स्वतःची बॅटरी असते आणि पॅनेलाशी संबंध तुटला की तोडफोड झाली असे समजून ते अधिकच जोराने वाजू लागतात. संकेतांक दाबून थांबवावे, झोनचा आकडा कागदावर उतरावा, आणि मगच झोपावे. पॅनेलाच्या आत 230 व्होल्टची वीज असते, तेव्हा त्याचे झाकण माहितगारानेच उघडावे.

आता काकूंच्या त्या वाक्याकडे परत येतो. अलार्म चोराला पकडत नाही आणि अडवतही नाही. तो फक्त हाक मारतो, आणि त्या हाकेची किंमत ऐकणाऱ्याच्या विश्वासावर ठरते. अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या अशा यांत्रिक वर्दींपैकी शेकडा 90 हून अधिक निराधार निघू लागल्या, तेव्हा सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी 2000 साली असा नियमच केला की, घटनास्थळी जाऊन कोणी खातरजमा केल्याखेरीज केवळ अलार्म वाजला म्हणून शिपाई पाठवला जाणार नाही. त्या शहरात हा निर्णय लेखी नियमाने घेतला गेला. आपल्या गल्लीत तोच निर्णय शेजारी न बोलता, खिडकी न उघडून घेतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. आपल्याकडील 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल ठेवली आहे, आणि जवळून ऐकला असता सायरन 100 डेसिबलच्याही वर जातो. आजारी माणूस, तान्हे मूल, सकाळी परीक्षेला बसणारा विद्यार्थी, यांची झोप मोडून आपण आपल्या घराचे रक्षण करत असतो, तेव्हा ती निदान विनाकारण मोडू नये एवढी जबाबदारी आपल्यावर येतेच.

मुख्याध्यापकांनी ती ओळखली. दार दुरुस्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गल्लीतील प्रत्येक घरी स्वतः गेले आणि काय बिघडले होते, कसे सापडले आणि काय केले हे त्यांनी सांगितले. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी फाटकाची किल्ली आणि झोनांची यादी दिली, म्हणजे पुढे आवाज झाला तर कोणत्या बाजूला पाहायचे हे त्यांनाही कळावे. माझ्या मते दुरुस्ती पुरी झाली ती या फेरीनंतर.

या दिवाळीत घर बंद करून गावी निघणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की, निघण्याच्या दोन दिवस आधी पॅनेल चाचणीवर ठेवून घरभर एकदा फिरावे, प्रत्येक बंद दार हाताने दाबून पाहावे, दिवाणखान्यातला आकाशकंदील बाहेर सज्जात न्यावा, मागील नोंदी वाचून काढाव्यात, आणि कोणता झोन म्हणजे घराचा कोणता भाग हे ठळक मराठी अक्षरांत लिहून त्या कागदाची एक प्रत पॅनेलाशेजारी व दुसरी शेजाऱ्यांकडे ठेवावी.